धाकट्याचा कान

१२ ऑक्टोबर, रविवार

घर माझं झालं. सकाळी उंबऱ्यावर मेंढा कापला, म्हणून झालं. नोंदणी कचेरीतला शिक्का गुरुवारीच बसला होता, पण विकणारा तोलेगेन म्हणाला, "मोरेके, शिक्क्यानं घर सरकारला कळतं. घराला कळायला रक्त लागतं." मोरेश्वरचं मोरेके करणं ही इथली आदराची रीत. इतका आदर दाखवल्यावर माणसाचा शब्द मोडवत नाही.

मेंढा तगडा होता आणि त्याला कळलं होतं. पाय बांधलेले असूनही त्यानं तोलेगेनच्या मांडीवर खूर हाणला. तोलेगेन हसला, गुडघ्यानं मान दाबली आणि मी पाकीट फोडतो तशी सुरी ओढली. रक्त पायऱ्यांवरून माझ्या बुटांपर्यंत आलं. आपल्याकडे वास्तुशांतीला कोहळा वापरतात. कोहळ्याला पाय नसतात, हा त्याचा मोठा गुण.

अलमाटीत बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली. कुणाचं सरकार पडलं, कुठं गहू चढला, हे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना कळवत बसलो. आता डोंगराखालच्या तासबुलाक गावातलं हे घर: चार खोल्या, सफरचंदाची झाडं, भिंतीएवढी चूल, आणि घराबरोबर मिळालेला कुत्रा अक्तोस. पुण्याला भावाला फोन केला. "परक्या देशात घर? उद्या हाकलून दिलं तर?" म्हटलं, पुण्यातूनही हाकललंच होतंस ना. त्यानं फोन ठेवला.

जेवायला तोलेगेन, त्याची आई राबिगा-आपा, समोरच्या घरातली गायवाली कुलाश, आणि मी. उकडलेलं डोकं माझ्यापुढे — पाहुण्याचा मान. स्वतःच्या घरात मी पाहुणा! गालाचा तुकडा आपांना दिला. कान कापून धाकट्याला द्यायचा असतो. इथं बाप गेला की घर धाकट्या मुलाचं. चूल त्याची, आई त्याच्यापाशी, थोरल्यांनी आपापली सोय पाहायची. हे मी बातमीत लिहिलंय, एकदा नव्हे. गंमत म्हणून कान तोलेगेनपुढे धरला. "घ्या, इथं धाकटे तुम्हीच."

तो हसला नाही. आपांनी माझ्या बोटांतून कान काढून घेतला, रुमालात बांधला आणि खिशात टाकला.

"म्हातारीची सवय," तोलेगेन म्हणाला.

कुलाश चहा फार जोरात ढवळायला लागली.

निघताना आपांनी दाराची चौकट चाचपली, घोड्याची मान चाचपतात तशी. मग मुलाच्या गाडीत बसून त्याच्या शहरातल्या नव्या फ्लॅटवर गेल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पायरीवरचा डाग जात नाही. पाठशाळेतले शास्त्रीबुवा सांगायचे, देवांनी वास्तुपुरुषाला पालथा पाडला आणि सगळे त्याच्या अंगावर बसले. म्हणजे प्रत्येक घराखाली एक दाबून धरलेला माणूस असतो. आम्ही पोरं हसायचो.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पायाखाली चिरडायला इथं कारीट मिळत नाही, म्हणून नुसताच चहा घेत होतो. तेवढ्यात फाटक चिरडलं गेलं.

लाथ एकच. बिजागरीसकट फाटक आत. मागून एक रुंद माणूस, डोक्यावर केस नाहीत, हातात पिशवी. अक्तोस भुंकला नाही. धावत गेला, त्याच्या बुटांवर लोळला आणि आनंदानं मुतला. तिथंच मला सगळं कळायला हवं होतं.

"तू कोण?"

"मी या घराचा मालक."

एक ठोसा चष्म्यावर, दुसरा बरगडीत. पाठशाळा सोडल्यापासून कर्ता, कर्म आणि क्रियापद इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. कर्म मी होतो.

मला ओलांडून तो दाराशी गेला. चौकट चाचपली, अगदी आपांसारखी. आत जाऊन चुलीत डोकावला.

"आई कुठाय?"

"शहरात. तोलेगेनकडे."

त्यानं भिंतीवर मूठ मारली. गिलाव्याचा पोपडा पडला, मुठीची कातडीही गेली. मग माझाच टॉवेल भिजवून आणला आणि माझ्या नाकाला लावला. "दाब. वर बघ. खाली नाही, वर." माझं नाक थांबेपर्यंत थांबला.

नाव केन्झेबेक. तोलेगेनचा सख्खा भाऊ. धाकटा.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कुलाशला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही विचारलंत छप्पर गळतं का. नाही गळत."

केन्झेबेक सात वर्षं तुरुंगात होता. बाजारात एका माणसाला लोळेपर्यंत मारलं, म्हणून. बाप मधल्या काळात गेला आणि कागद तोलेगेनच्या नावावर झाले.

"मला तो म्हणाला, भाऊ उत्तरेला कामाला आहे."

"मग खोटं काय? तिथं काम करून घेतातच की," कुलाश म्हणाली.

गावच्या पोलिसाकडे गेलो. त्यानं कागद पाहिला, माझं नाक पाहिलं. "कागद पक्का आहे, मोरेके. सांगा, आत्ता उचलून आत टाकतो. पण उद्यापासून दूध कुणाकडून घेणार? लाकूड कोण आणून देणार?"

"म्हणजे घर माझं की त्याचं?"

"घर तुमचं. पण त्याचंच आहे ना ते."

घरी आलो. तक्रार केली नाही. घर मात्र सोडणार नाही. या वयात पुन्हा भाड्याची खोली नको.

२६ ऑक्टोबर, रविवार

केन्झेबेक अंगणातल्या न्हाणीघरात राहतो. मी काढत नाही, तो जात नाही. रोज सकाळी माझ्या खिडकीची एक काच फोडतो — दगडानं नव्हे, कोपरानं, सावकाश, कामावर हजेरी लावावी तसा. आज मी दार उघडून उभा राहिलो.

"आगा, घर कधी सोडताय?" मारून झाल्यापासून तो मला थोरल्या भावासारखं आगा म्हणतो.

"तू काचा फोडायचं कधी सोडतोस?"

"तुम्ही घर सोडलंत की."

"मग बर्फ पडल्यावर या फुटक्या खोलीत कुडकुडणार कोण?"

त्यानं विचार केला. दुपारी प्लास्टिक आणून प्रत्येक खिडकीवर नीट ठोकून दिलं. कोपरातल्या काचा मी चिमट्यानं काढल्या. तो ओरडला नाही, फक्त माझं मनगट असं आवळलं की अजून निळं आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

तोलेगेनला बोलावलं. चूक. तो गाडीतून उतरला तो चाबूक घेऊनच — घोड्याचा, विणलेला.

"बाहेर ये, तुरुंगातल्या!"

"आलोच, शहरातल्या."

पहिला फटका केन्झेबेकच्या गालावर. कातडं उघडलं. त्यानं चाबूक हवेतच पकडला, भावाला त्याच्यासकट ओढलं आणि कपाळ त्याच्या तोंडावर आपटलं. मग दोघं चिखलात. ठोसे, चावे, गुडघे. मध्ये एकदा केन्झेबेक तोलेगेनचा गळा दाबत होता आणि तोलेगेनची बोटं त्याच्या डोळ्यात होती. दोघंही गप्प, फक्त श्वास. लहानपणी दोघं याच अंगणात असेच लोळत असतील, असं मनात आलं आणि मी दुधाची बादली त्यांच्यावर ओतली. दूध वाया गेलं. चाबकाची मूठ माझ्या खांद्यावर बसली. कुणाकडून ते माहीत नाही, दोघंही ती धरून होते.

शेवटी कुलाश आली. नुसती फाटकात उभी राहिली. दोघं उठले, अंग झटकलं. गावातल्या बाईसमोर भांडायची लाज, मेलेलं चालतं.

पायरीवर एक दात सापडला. विचारलं कुणाचा. कुणीच घेतला नाही.

जाताना तोलेगेन गाडीशी माझ्या जवळ आला. ओठ फुगलेला, आवाज मऊ. "मोरेके, परत द्यायचा विचारही करू नका. त्या पैशाच्या आता भिंती झाल्यात. माझी पोरं त्यात झोपतात. घर परत म्हणजे पोरं रस्त्यावर, आणि गावात मी चोर."

३ नोव्हेंबर, सोमवार

अक्तोसला गोळी घातली. फाटकाबाहेर, गाडीच्या खिडकीतून. कुलाशनं गाडी ओळखली, तोलेगेनची. कुत्रा धाकट्याच्या बाजूचा होता, एवढाच त्याचा गुन्हा.

केन्झेबेकनं सफरचंदाखाली खड्डा खणला. जमीन कडक होती. कुदळ मोडेपर्यंत खणलं, मग हातांनी.

९ नोव्हेंबर, रविवार

त्यानं आज काच फोडली नाही. फोडायला उरलीच नव्हती, हेही खरं.

संध्याकाळी चुलीपाशी आला. मी काही विचारलं नव्हतं.

"बाजारात मी मारलंच नव्हतं. तोलेगेननं मारलं, लोखंडी दांडक्यानं. मी मागून पोचलो. तो माणूस कण्हत होता. तोलेगेनच्या घरी तेव्हा दुसरं पोर व्हायचं होतं. मी म्हटलं, दांडकं इकडे दे."

"आणि तो?"

"तो म्हणाला, घर सांभाळीन. तू येईपर्यंत चूल विझू देणार नाही." चुलीकडे हनुवटी केली. "विझली नाही. तुम्ही पेटवलीत."

मी चहा ओतला. वाटी त्याच्यापुढे सरकवली.

मग मीच बोललो. घर तुझं. कागद तुझ्या नावावर करू, पैशाचं माझं मी पाहीन. मला फक्त ती सफरचंदाकडची खोली दे.

तो उठून माझ्यासमोर उभा राहिला. हा पुन्हा मारणार, असं वाटलं.

"भाडेकरू ठेवतो तुम्हाला, आगा. पण काचा तुमच्या तुम्ही बसवायच्या."

कित्येक दिवसांनी हसलो. बरगडी दुखली.

१६ नोव्हेंबर, रविवार

राबिगा-आपा आल्या. एकट्या, बसनं, हातात गाठोडं. तोलेगेनच्या फ्लॅटमधून कुणाला न सांगता निघाल्या. नवव्या मजल्यावर चहाला चव नसते, म्हणाल्या.

केन्झेबेक अंगणात लाकडं फोडत होता. आई दिसली तशी कुऱ्हाड खाली ठेवून गुडघ्यांवर बसला. त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर, चाबकाचा व्रण होता तिथं. व्रण फुटला. मारत राहिल्या, हात दुखेपर्यंत. तो डोकं पुढे करून देत होता.

मग माझ्याकडे वळल्या आणि मलाही एक दिली. म्हटलं, मी काय केलं?

"विकत घेतलंस."



खिशातून तो रुमाल काढला आणि त्याच्यापुढे झटकला. वाळलेले, आक्रसलेले, काळे पडलेले — मेंढ्यांचे कान. दर सणाचा, दर पाहुण्याचा. माझ्या घरभरणीचाही त्यात होता, जरा ताजा. "मोज," म्हणाल्या. "किती वेळा ताटावर नव्हतास." त्यानं मोजले नाहीत. गोळा करून छातीशी धरले.

पुढच्या रविवारी दोन्ही मुलं याच घरात एका ताटात जेवतील, असा हुकूम झाला. तोलेगेन येतो म्हणाला. आईला नाही म्हणायची इथं सोय नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या डोकं माझ्यापुढे येणार. मी ठरवलंय. भाषण नाही, वाद नाही, वकील नाही. कान कापायचा आणि सर्वांदेखत केन्झेबेकला द्यायचा. पाहुण्याच्या हातून, आईसमोर दिलेला कान परत घेता येत नाही. तोलेगेनलाही गिळावं लागेल. त्यांच्याच रीतीनं त्यांचा निवाडा! बावीस वर्षं बघत बसलो, ती उगीच नाही.

आधी तोलेगेनशी एकांतात बोलावं का, असं मनात आलं. पण मग मजा काय?

२३ नोव्हेंबर, रविवार

नको.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिलं पाहिजे. दुसरं काही येत नाही मला.

सकाळ चांगली होती. मेंढा केन्झेबेकनं कापला, पाय तोलेगेननं धरले. मेंढ्यानं लाथ मारली ती पुन्हा तोलेगेनलाच बसली, आणि दोघं हसले. एकाच आवाजात. आपा खिडकीच्या प्लास्टिकमागून बघत होत्या.

जेवायला बसलो. आपा वर, शेजारी मी, डावीकडे तोलेगेन, दाराजवळ केन्झेबेक. कुलाश चहा ओतत होती. डोकं आलं. गाल आपांना दिला. मग कान कापला. आणि उठलो — हे कुणी सांगितलं नव्हतं, हे माझं — उठून दोन्ही हातांवर ठेवून दिला.

"घराच्या धाकट्याला."

चाळिशीचा माणूस, पोरासारखा लाल झाला. कुठं बघावं कळेना. कान तोंडात घातला. आपांनी डोळे मिटले.

तोलेगेन शांत होता. "मोरेके, नीट बघून दिलात ना?"

"नीट बघून."

"बरं." तो उठला. "लाकडं संपली वाटतं. आणतो."

चूल धडधडत होती. बाजूला लाकडांची चळत होती. मला दिसली. मला वाटलं, बिचारा रडायला चाललाय. डोळे कोरडे करून येईल.

कुऱ्हाड घेऊन आला. केन्झेबेक अजून चावत होता.

पहिला घाव मान आणि खांदा यांच्या मध्ये. लाकूड ओलं असलं की येतो तसा आवाज. केन्झेबेक वळला, हात वर केला. दुसरा घाव हातातून गेला. त्यानं भावाकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्याला मी डोळे मिटले. रक्त ताटात, चहाच्या वाट्यांत, माझ्या तोंडावर. गरम. कुलाशच्या हातातली किटली ओतत राहिली होती, वाटी केव्हाच भरली होती.

सुरी मी पुन्हा हातात घेतली होती. डोकं कापायची. तोलेगेनची पाठ माझ्याकडे होती, हात लांबवला असता तर पोचलो असतो. मी ती सुरी धरून उभा राहिलो, पुढचा तुकडा कुणाचा हे ठरवत असल्यासारखा.

आपा ओरडल्या नाहीत. "पुरे," म्हणाल्या. चहा ओतणाऱ्याला म्हणतात तसं.

तोलेगेन थांबला. कुऱ्हाड भिंतीला नीट टेकवून ठेवली. आपल्या जागेवर जाऊन मांडी घालून बसला.

३० नोव्हेंबर, रविवार

तोलेगेनला नेलं. हात बांधले जाताना म्हणाला, "फ्लॅटची किल्ली पोराकडे आहे." बाकी काही नाही.

पोलिसानं मला विचारलं, कसं सुरू झालं. म्हटलं, मी कान दिला. त्यानं लिहून घेतलं नाही. "तसं सगळेच देतात," म्हणाला.

केन्झेबेकला याच दारातून बाहेर काढलं. सारं गाव आलं होतं. ज्यांनी मला लाकूड विकलं नसतं, त्यांनी माझे खांदे धरले. मी उभा होतो तिथं, घरच्या पुरुषांच्या रांगेत. रांगेत दुसरं कुणीच नव्हतं.

पुन्हा पुन्हा फरशी धुतली. वास्तुपुरुषाचं तोंड जमिनीकडे असतं, हे बरं.

भावाला फोन केला. "ये," म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मलाच खरं वाटेना. आपांना सांगितलं: घर तुमच्या नावावर करतो आणि जातो. त्या कणीक मळत होत्या. "मीठ दे," म्हणाल्या.

बॅग भरून दाराशी ठेवली.

७ डिसेंबर, रविवार

गेलेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अजून अवकाश आहे, तरी आपांनी डोकं उकडलं. जेवायला आम्ही दोघंच. त्यांनी कान कापला. रुमालात बांधला नाही. माझ्या तळहातावर ठेवला.

"खा. आणि उद्या नवी कुऱ्हाड आण, जुनी पोलिसांकडे आहे. तोलेगेन सुटून येईल, तेव्हा दार तूच उघडायचं."

बॅग दाराशी नव्हती.

पंचावन्न वर्षांचा धाकटा. कान चिवट होता. खाल्ला.